दोन कळश्यांची गाडी

जगातली सगळी इंजिनं पळण्यासाठी बनवलेली असतात, आणि मला हवं होतं न पळणारं. वरातीच्या गाडीचं तेच तर दुखणं. पुढे डीजे, डीजेमागे पोरं, पोरांमागे बाया, आणि सगळ्यांच्या मागे फुलांनी मढवलेली गाडी. दोन पावलं सरकायचं आणि थांबायचं. कुणाचा तरी मामा गाडीपुढे लोळण घेतो, त्याला उठवेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा दोन पावलं. जे अंतर चालत गेलात तर हातातला चहा गार होणार नाही, त्याला वरात अख्खी संध्याकाळ घेते. आणि तेवढा वेळ इंजिन आपलं जागच्या जागी तापत बसतं.

हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी या भानगडीत पडलोच नसतो. माझा अंबरनाथला एमआयडीसीत गाळा आहे. खिडक्यांची ग्रिलं, जिन्यांची रेलिंगं, शटरं, हे आमचं काम. आम्ही मूळचे कुळगावचे, आगरी; घर अजून तिथेच. आजोबांची भातशेती होती तिथे आता बिल्डिंगी आहेत, आणि त्या बिल्डिंगींना ग्रिलं मीच लावली आहेत. हसायचं तर हसा. तर एक दिवस उल्हासनगरचा एक मंडपवाला शेठ गाळ्यावर आला. सिंधी माणूस, बोलायला गोड, 'साईं' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. त्याने मोबाइलवर राजेरजवाड्यांच्या वेळच्या एका गाडीचा फोटो दाखवला. लांब बोनेट, फुगीर मडगार्ड, पुढे दोन मोठाले गोल दिवे. म्हणाला, "साईं, असली वाली तो मिलती नहीं. तुम बना दो, शादी-ब्याह में चलाएँगे. आधा तुम्हारा, आधा मेरा."

उल्हासनगरात काय बनत नाही? पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवणाऱ्या एका फायबरवाल्याकडे त्या गाडीचा साचा तयारच निघाला. बोनेट, दारं, मडगार्ड, सगळं सुटं सुटं मिळालं. खाली घालायला मी भंगारातून एका जुन्या व्हॅनची चासी घेतली आणि तिचंच पेट्रोल इंजिन पुढे आणून बसवलं. सांगायला एक वाक्य लागलं, करायला अख्खा पावसाळा गेला. व्हॅनचं इंजिन असतं सीटखाली. ते बोनेटखाली आणायचं म्हणजे त्याला धरणारे ब्रॅकेट नवे, गिअरचा दांडा नवा, आणि मागची चाकं फिरवणारा शाफ्ट कापून, लांब करून पुन्हा वेल्डिंग. तो शाफ्ट केसभर जरी वाकडा जोडला गेला तरी गाडी हिवताप आल्यासारखी थरथरते. मी तो किती वेळा कापून जोडला याची गणतीच नाही. सीट तेवढी पहिल्या झटक्यात जमली, कारण ती ताईने शिवली होती.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात ती सोफ्याची कव्हरं शिवते, दहावी झाल्यापासून. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. घर तिने चालवलं, माझं आयटीआय तिच्या शिलाईवर झालं. सुरुवातीला तिला स्थळं येत होती. ती म्हणायची, "ह्याचं एकदा मार्गी लागू दे." माझं मार्गी लागलं, नोकरी लागली, आणि बायकोकडच्यांना घाई होती म्हणून लग्नही लागलं. ताईच्या आधी. पुढे स्थळं यायची कमी झाली, मग बंदच झाली, आणि घरात तो विषय काढायचा नाही हे कुणी न ठरवता ठरून गेलं. चाळिशी उलटलेली ताई सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी येऊन माझ्या मुलीचा अभ्यास घ्यायची, आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसायचं बंद झालं होतं.

तिने गाडीसाठी मरून रेक्झिनची, बटणं दाबून खळ्या पाडलेली सीट शिवली. शिवून झाल्यावर स्वतः तिच्यावर बसली, हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. म्हणाली, "नवरीचा शालू अडकेल असा टाका कुठे राहिला नाही ना, ते बघत होते." मी म्हटलं, "भारी झालीय." दुसरं काय म्हणणार होतो?

पहिल्या वरातीत व्हायचं तेच झालं. निम्म्या वाटेवर इंजिनातलं पाणी उकळलं, बोनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. लोकांना वाटलं शोसाठी धूर सोडलाय, शिट्ट्या पडल्या. वर हाफ क्लचवर सरकून सरकून क्लचप्लेट जळाली, तिचा वास नवरदेवाच्या अत्तरावर मात करून गेला. शेवटी मी आणि शेठ दोघांनी मागून ढकलत गाडी हॉलपर्यंत नेली. शेठ धापा टाकत म्हणाला, "साईं, ये गाड़ी है कि ठेला?" मला असा राग आला होता, पण कुणावर काढणार?

मग मी ते इंजिन उतरवलं आणि डिझेल रिक्षाचं घातलं. त्याला पाणी लागत नाही, पंख्याने गार राहतं, आणि रिक्षाचं असल्यामुळे ट्रॅफिकमध्ये कुथत चालायची त्याला जन्माची सवय. फक्त रिक्षाचं इंजिन आणि व्हॅनचा गिअरबॉक्स यांचं जुळत नव्हतं. भोकं वेगळी, मापं वेगळी. मी जाड पत्र्याची एक गोल तबकडी कापली, तिच्यात एका बाजूने याची भोकं पाडली, दुसऱ्या बाजूने त्याची, शेजारच्या गाळ्यातल्या लेथवर मधलं तोंड अचूक करून घेतलं आणि त्या दोघांचं लग्न लावून दिलं. इंजिनाखाली जाड कन्व्हेअर बेल्टचे तुकडे घातले, हादरे कमी व्हावेत म्हणून. गाडी चालायला लागली. तापेना, बंद पडेना.

आता शेठची नजर गेली दिव्यांवर. फायबरवाल्याने गाडीसोबत दिलेले दिवे प्लॅस्टिकचे होते, वर चंदेरी मुलामा. शेठने नखाने खरवडलं तर सालपट निघालं. "साईं, शादी में असली चीज़ चमकनी चाहिए. पीतल लगाओ." म्हणाला आणि गेला. पितळेचे एवढे मोठे, पोट असलेले दिवे मी आणू कुठून? ठोकून करणारा माणूस राहिला नाही, ओतून घ्यायचे तर एकाच जोडीसाठी कुणी साचा करत नाही. हे सगळं मी दुपारी जेवताना आयपुढे बडबडत होतो. ताई कामावर गेली होती.

आय ऐकत होती. मग हात पुसत उठली आणि मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीकडे बघून म्हणाली, "त्या कलश्या बघ. होतील का?"

त्या दोन कळश्या कशासाठी होत्या हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं. पोरीच्या हळदीला गावच्या विहिरीचं पाणी तिच्या आजोळच्या कळशीतून यायचं, ही आमच्या घराची रीत. आयच्या हळदीचं पाणी त्यातल्याच एका कळशीतून आलं होतं. ताई जन्मली तेव्हा आजोळहून आजीने त्या जोडीने पाठवून दिल्या, आणि तेव्हापासून त्या ताईच्या. दर दिवाळीला खाली उतरायच्या, चिंचेने घासून लख्ख व्हायच्या आणि परत वर जायच्या. मी म्हटलं, "आय, अगं त्या ताईच्या आहेत."

"हाव. मना म्हाईत हाय कुनाच्या ते," आय म्हणाली. "आता काय करायच्यान? ने."

आणि माझ्याकडे पाठ करून भाकरी थापायला लागली. जेवणं झालेली होती. आणखी भाकरी कुणालाच नको होती.

मी 'राहू दे गं आय' म्हटलं. खरंच म्हटलं. पण तोंडाने 'राहू दे' म्हणत होतो आणि हाताने कळशीचं पोट मोजत होतो. वीत आणि चार बोटं. अगदी हवं ते माप. मी मागितल्या नव्हत्या, आयने आपण होऊन दिल्या, हे मी तेव्हापासून स्वतःला इतक्यांदा ऐकवलं आहे की ते वाक्य आता गुळगुळीत झालंय. पण आयने त्या दिवशी मला पितळ दिलं नव्हतं. तिने ताईचं लग्न सोडून दिलं होतं, आणि मी ते हातोहात उचललं. एवढं कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. मला तेव्हाच कळलं होतं.

गाळ्यावर मी ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. ग्राइंडरने कळशीचा गळा कापला, खांद्यापासून. पितळेला ग्राइंडर लावला की ठिणगी उडत नाही, नुसती पिवळी भुकटी पडत राहते. लोखंडाच्या ठिणग्यांची सवय असलेल्या मला ते फार विचित्र वाटलं. निदान ठिणग्या तरी उडायला हव्या होत्या. मग बुडाला वायर जाण्यापुरतं बोटभर भोक पाडलं, आत बल्ब, तोंडावर काच, बाहेरून लोखंडी पट्टा आवळून दिवे मडगार्डवर बसवले. आणि काय सांगू, गाडी अशी उठून दिसायला लागली की शेठने माझ्या हाताचा मुका घेतला.

संध्याकाळी कामावरून घरी जाताना ताई गाळ्यावर उतरली. गाडीभोवती एक चक्कर मारली. डाव्या दिव्यापाशी थांबली. त्या कळशीच्या पोटाला एक पोचा होता, मी लहानपणी पाडलेला, वर चढून साखर काढताना. तिने त्या पोच्यावर अंगठा ठेवला. म्हटलं आता ही फुटणार, आता शिव्या घालणार, घाल बाई, चार लोकांत घाल.

"छान दिसतायत," ताई म्हणाली. "पण ओठ घासून घे, काचेच्या खाली धार राहिलीय. कुणाचा हात कापेल."

एवढंच.

त्यानंतर तिने एक सुरू केलं. प्रत्येक ऑर्डरच्या आदल्या दिवशी घरून चिंचेचा कोळ घेऊन यायची आणि ते दोन दिवे घासायची. आधी चिंच, मग राख, मग कोरडं फडकं. मला ते बघवत नसे. मी ग्रिलच्या कामात डोकं घालून बसायचो, मशीन चालू ठेवायचो, आवाजात काही बोलणं नको. एकदा माझा तोल सुटलाच. म्हटलं, "ताई, बस झालं! माझी गाडी आहे, मी पुसेन. तू कशाला राबतेस?"

"मग पूस," ती म्हणाली आणि फडकं माझ्या हातात देऊन निघून गेली. मी बाजारातलं लिक्विड आणून पुसले. डाग पडले, ढगाळ झाले. दुसऱ्या दिवशी मला न विचारता तिने ते पुन्हा चिंचेने उजळले.

धंदा मात्र चालला. बदलापूर, अंबरनाथ, वांगणीकडची गावं, सगळीकडून बोलावणी. गाडीला पासिंग नाही, टेम्पोवर चढवून न्यायची आणि मांडवापाशी उतरवायची. लोक दिव्यांपाशी उभे राहून फोटो काढायचे. नवऱ्या बसण्याआधी दिव्यांना हळदकुंकू लावायच्या. मी शेजारी उभा राहून बघत राहायचो. इतक्या पोरींना ताईच्या सीटवर बसवलं, ताईच्या कळश्यांच्या उजेडात सासरी पाठवलं, आणि प्रत्येक वेळी 'आयने दिल्या होत्या' हे मनात म्हणून घेतलं. वांगणीपलीकडच्या एका वाडीत लग्न होतं, तिथे एक म्हातारी काठी टेकत आली. दिव्याला हात लावून बघितलं, आणि एकदम खो खो हसली. "आगो बाय, ही तं कलशी हाय! कुनाच्या पोरीची रं ही?"

बघा, म्हातारीने 'कुणाची' नाही विचारलं. कुणाच्या पोरीची, असं विचारलं. कळशी पोरीचीच असते, आणखी कुणाची असणार?

"भंगारातून घेतली," मी म्हणालो.

त्याच वरातीत मला तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. डीजे गाणं बदलायला थांबला होता, गाडी उभी होती, डिझेलचं इंजिन खाली ढक ढक करत होतं. आणि त्या हादऱ्यांनी कळश्या वाजत होत्या. विहिरीवर रिकामी कळशी काठाला टेकली की कसा बारीक नाद येतो, तसा. मी काचेखाली रबर घातलं, पट्ट्याखाली फेल्ट घातलं, इंजिनाखाली आणखी बेल्ट कोंबला. नाद कमी झाला, पण गेला नाही. किंवा गेलाही असेल आणि मलाच येत असेल. मी शेठला सांगितलं, नवरीच्या तोंडावर धूर येतो, इंजिन बदलू या. ते खोटं नव्हतं. पण खरं कारणही ते नव्हतं.

तेव्हा ई-रिक्षा नुकत्या दिसायला लागल्या होत्या. अपघातात चेपलेल्या एका ई-रिक्षाची मोटर, तिच्याच मागच्या ॲक्सलसकट, मी घेऊन आलो. वरातीच्या गाडीला याहून चांगलं दुसरं काही नाही. मोटर मागच्या चाकांपाशीच बसते, त्यामुळे तो जिवावर उठलेला शाफ्ट गेला. क्लच नाही, जळणार काय? बोनेटखाली जिथे इंजिन होतं तिथे बॅटऱ्या बसवल्या. पायाने जरा दाबलं की गाडी मुंगीसारखी सरकते, पाय उचलला की थांबते. मामा कितीही लोळू दे. ना धूर, ना हादरा, ना आवाज. शेठ म्हणाला, "साईं, अब बनी गाड़ी." गाळ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कळश्या वाजायच्या थांबल्या. मला वाटलं होतं, आता मलाही बरं वाटेल. कसलं काय! उलट शांततेत त्या जास्त दिसायला लागल्या.

आणि एक दिवस ताईने जेवताना सांगितलं की ती लग्न करतेय.

उद्या गॅस येणार आहे असं सांगावं, तशा आवाजात ती हे म्हणाली. माझ्या बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. माणूस विठ्ठलवाडी डेपोत कामाला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. दुकानात सोफ्याचं कव्हर शिवून घ्यायला आला होता. मग कुशनचं घेऊन आला, मग पडद्यांचं. "सोफा एक नि कव्हरं किती," ताई म्हणाली आणि हसली. तिला तसं हसताना मी किती वर्षांनी बघितलं, ते आठवूनही सांगता येणार नाही.

आयने तिची अलाबला घेतली, बोटं कडाकडा मोडली, रडली, देवापुढे साखर ठेवली. आणि मग उठून, सवयीनेच, मांडणीच्या वरच्या फळीकडे बघितलं. फळीवर दोन गोल डाग होते, वर्षानुवर्षं कळश्या ठेवल्याचे. आय बघतच राहिली. मग माझ्याकडे वळली. ताई जेवत राहिली.

दुसऱ्याच दिवशी मी उल्हासनगरात जाऊन दुकानातल्या सगळ्यात जड दोन कळश्या घेऊन आलो. ताईपुढे ठेवल्या. म्हटलं, "ह्या तुला." तिने उचलून बघितल्या, "चांगल्या आहेत" म्हणाली, आणि त्या फळीवर चढल्या. मला वाटलं, सुटलो. आणि सुटलो असं वाटल्याची इतकी लाज वाटली की लग्नाच्या तयारीत मी कुत्र्यासारखा धावलो. मांडव मी, जेवण मी, पाहुण्यांची सोय मी. संध्याकाळी तिला लग्नाच्या हॉलपर्यंत न्यायला गाडी तर असणारच होती. शेठने ती फुलांनी सजवून सकाळीच आमच्या दारात आणून उभी केली. "बहन की शादी है, साईं, आज धंधा नहीं."

सकाळी हळदीचं पाणी आणायला बाया निघाल्या. पुढे धवलारीण, म्हणजे आमच्यात लग्नाचे विधी सांगणारी आणि धवले गाणारी बाई, मागे पाच सवाष्णी, एकीच्या कमरेवर नवी कळशी. हळदीने पिवळी झालेली ताई ओट्यावर बसली होती. एकदम म्हणाली, "थांबा."

उठली आणि तशीच अनवाणी गाडीपाशी गेली. डाव्या दिव्याच्या पोच्यावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "पाना आण."

"ताई, नवीन आणलीय ना आपण."

"ती राहू दे. माझी आहे ती काढ."

"तिला भोक आहे गं," मी म्हणालो.

"मला सांगतोस? घासते कोण?"

सगळी आळी बघत होती. मी पाना आणला. पट्टा सोडवला, काच काढली, बल्ब काढला, वायर ओढून घेतली. नट दोनदा हातातून पडला. म्हटलं, "थोडा वेळ दे, गाळ्यावर जाऊन झाळून आणतो."

"गाळा अंबरनाथला, बाया इथे उन्हात."

"मग चिंधी कोंबतो."

"माझ्या हळदीच्या पाण्यात ग्रीसची चिंधी?" ताई म्हणाली. "बोट आहे ना तुला? ते लाव."

बाया हसायला लागल्या. धवलारीण म्हणाली, आजवर बाप्याने पाणी आणलेलं तिने पाहिलं नाही. पण ताई हटेना, आणि नवरीपुढे त्या दिवशी कोण बोलणार? मग मी निघालो, पाच सवाष्णींच्या मधोमध, गळा कापलेली कळशी छातीशी धरून. पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. कुळगावची ती विहीर आता तीन बाजूंनी बिल्डिंगींनी वेढलेली आहे, वर जाळी, तीही माझ्याच गाळ्यातली. जाळी उघडली, बायांनी पोहऱ्याने पाणी काढून कळशीत ओतलं, आणि मी खालून भोकावर बोट दाबून धरलं. पाणी बर्फासारखं गार होतं. तरी थेंब थेंब गळतच होतं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मी बोट आणखी दाबलं. भोकाची धार बोटात रुतत होती. ताईने मला सांगितलं होतं, धार घासून घे म्हणून. मी काचेकडची घासली होती, बुडाची तशीच राहिली होती.

घरापर्यंतचं ते अंतर मला कुठल्याही वरातीपेक्षा लांब वाटलं.

अंगणात पाटावर ताई बसली. आय तिच्या मागे उभी, पदर तोंडाला लावून. धवला सुरू झाला. पाणी सवाष्णींनी घालायचं असतं, पण कळशी माझ्या हातून कुणाच्या हातात देणार? बोट काढलं की सगळं जाणार. मी कळशी ताईच्या डोक्यावर धरून उभा राहिलो. मान खाली घातलेली ताई, गाण्याच्या आवाजात फक्त मला ऐकू जाईल अशी बोलली.

"खरं सांग. तुला वाटलं होतं ना, माझं आता काही होणार नाही?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. आयने दिल्या. मी मागितल्या नव्हत्या. मी 'राहू दे' म्हटलं होतं. इतकी वर्षं ती सगळी घोकून ठेवलेली होती.

"हो," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं होतं," ताई म्हणाली. "काढ बोट."

मी बोट काढलं.